शेरा : बंद

रविवारी सकाळी सातला दादा पंढरपूरला जातो म्हणून बाहेर पडले आणि संध्याकाळी साडेसहाला परत आले. त्या दिवसाबद्दल सांगण्यासारखं एवढंच. मी दिवसभर घरी होते. कपडे धुतले, मेथी निवडली, एक पुस्तक अर्धं वाचून पालथं घातलं. वडिलांना आम्ही दोघं भावंडं दादा म्हणत असू. भाऊ पुण्याला, आई जाऊन आठ वर्षं झालेली, त्यामुळे जुळे सोलापूरच्या त्या फ्लॅटमध्ये दादा आणि मी एवढेच राहत होतो.

ते आले, चपला दाराबाहेर काढल्या आणि थेट बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ हातपाय धूत राहिले.

"भेटले का सिद्धनाथकाका?" मी विचारलं. दादांचे हे जुने जोडीदार पंढरपूरला राहत.

"भेटला की. लई म्हातारा झालाय."

"तुमच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहेत ते."

"म्हणून तर म्हनलं."

जेवायला भाकरी, मेथी आणि शेंगदाण्याची चटणी होती. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सौर पॅनेल बसवायचं चाललं होतं, त्याची मीटिंग दुपारी झाली होती. मी त्यांना सांगितलं की जिन्यातले दिवे, पंप आणि लिफ्ट आता त्यावर चालेल. दादांनी चटणीवर तेल ओतून घेतलं.

"चांगलंय. पण तुमचा सूर्य सहाला घरी जातो. गाय रातीपण शेण टाकती."

"लिफ्टसाठी गाय कुठे बांधायची?"

"गच्चीत. लिफ्टनंच न्यायची."

जेवण झाल्यावर त्यांनी चष्मा लावला आणि म्हणाले, "तो वेळापूरचा फॉर्म दे बगू." मी गठ्ठ्यातून काढून दिला. त्यांनी तो वाचला, दोन्ही बाजूंनी, आणि परत दिला.

"हे सगळं कदी पाठवायचंय तुला?"

"वीस तारखेला."

"म्हंजी टाइम हाय," ते म्हणाले आणि झोपायला गेले.

सोमवारी ते नेहमीप्रमाणे पाचला उठले. स्वतःचा चहा स्वतः केला. छातीत दुखतंय म्हणून मला हाक मारली तेव्हा पावणेसहा वाजले होते. दवाखान्यात पोचलो तेव्हा डॉक्टरांनी तपासून ते गेल्याचं सांगितलं. घरी परतले तेव्हा कप ओट्यावर तसाच होता, अर्धा.

दादा गोबरगॅसचे मिस्त्री होते. यशवंत मिस्त्री म्हणून माळशिरस तालुक्यात लोक त्यांना ओळखत. मुळात गवंडी, पंचाऐंशी साली सरकारी शिबिरात जमिनीखाली विटांचा घुमट बांधायचं शिकले. एका बाजूने शेण आणि पाणी कालवून आत सोडायचं, दुसऱ्या बाजूने मळी बाहेर येते, आणि वर घुमटात जमलेला गॅस नळीने स्वयंपाकघरात जातो. आधार न देता वीट वीट चढवत घुमट मिटवायचा, हे कसबाचं काम. वीस वर्षांत त्यांनी तीनशेच्या वर टाक्या बांधल्या. त्यांची वही होती, तीत प्रत्येक टाकीला क्रमांक होता.

मी पुण्यातल्या एका संस्थेसाठी सर्वेक्षणं करते. शौचालयांची, शाळांची, कधी पाण्याची. यंदाचं काम योगायोगाने दादांच्या तालुक्यात आलं: जुन्या गोबरगॅस टाक्यांची आजची स्थिती. घरोघर जायचं, टाकीचा फोटो काढायचा, शेगडी पेटवून पाहायची, आणि 'शेरा' या रकान्यात तीनपैकी एक शब्द लिहायचा. चालू, बंद, दुरुस्तीयोग्य. जिथे बंद, तिथे नव्या योजनेतून रबरी फुग्यासारखी तयार टाकी मिळणार, आणि जुनी बुजवून टाकायची. त्यामुळे लोकांना बंद हा शब्द आवडत होता.

आपल्याकडे अशा गोष्टी बांधल्याच्या दिवशी मोजतात. उद्दिष्ट इतकं, साध्य इतकं, त्या आकड्यावर अहवाल संपतो. पुढे त्या चुलीवर किती वर्षं भाकरी भाजली गेली, यासाठी कुठल्याच कागदावर जागा नसते. आता सौर पंपांचं तेच चाललंय, आणखी वीस वर्षांनी कुणीतरी माझ्यासारखी फॉर्म घेऊन त्यांच्यामागे फिरेल. मी पाहिलेल्या घरांत टाक्या बंद पडायची कारणं साधी होती. गाई विकल्या. सिलिंडर आला. मुलगा शहरात गेला आणि म्हाताऱ्यांना शेण कालवणं होईना. एका ठिकाणी टाकीवर मोटारीसाठी फरशी घातली होती आणि मालकाला टाकी नेमकी कुठे आहे ते सांगता येत नव्हतं.

मी रोज संध्याकाळी भरलेले फॉर्म घरी आणत असे आणि दादा ते वाचत. ते स्वतःच्या टाक्या ओळखत. एखादीवर बोट ठेवून म्हणत, "हिला दगड लागला हुता खाली. चार दिवस सुरुंग लावला." बंद असा शेरा दिसला की पहिला प्रश्न ठरलेला असे.

"पाणी काढलं का?"

गॅसबरोबर वाफ येते, ती नळीत थंड होऊन पाणी होते. नळी जिथे खोलगट असेल तिथे ते साचतं आणि गॅस अडतो. त्यासाठी सगळ्यात खालच्या जागी एक छोटा कॉक असतो. तो उघडला की पाणी गळून जातं. दादांचं म्हणणं असं की बंद टाक्यांपैकी निम्म्या फक्त पाण्याने बंद आहेत. मी हसत असे. मग एक दिवस खरोखरच दोन घरी कॉक उघडून पाहिला, आणि एका घरी शेगडी पेटली. ते सांगितलं तेव्हा त्यांनी पुढचा फॉर्म उचलला. पण रात्री भाऊ फोनवर होता तर त्याला पाच मिनिटं तेच सांगत होते.

शुक्रवारी, म्हणजे त्या रविवारच्या दोन दिवस आधी, त्यांच्या हातात वेळापूरचा फॉर्म आला. लाभार्थी मुक्ताबाई आबासाहेब. शेरा बंद.

"ही बंद पडायची न्हाय," ते म्हणाले. "हिला मी वरनं गिलाव्याचं दोन हात जास्त दिल्यात. तू आत जाऊन बगितलंस?"

"हो."

"शेगडी पेटवून?"

"हो. नाही पेटली."

"पाणी काढलं का?"

"काढलं, दादा."

त्यांनी फॉर्म गठ्ठ्यात ठेवला.

मी आत गेले नव्हते. गुरुवारी दुपारी त्या घराच्या फाटकाशी उभी राहिले. मुक्ताबाईंचा मुलगा दिग्विजय बाहेर आला, पंचेचाळीसचा असेल, आणि म्हणाला, "बंद हाय, सहा महिनं झालं. लिवा बंद." गोठ्याच्या मागून मी टाकीचा फोटो काढला. ओसरीच्या दारातून एक म्हातारी बाई म्हणाली, "बाई, आत या की, च्या घ्या." मी नको म्हणाले, सही घेतली आणि निघाले.

ते घर मला माहीत होतं. ओसरीला आता फरशी होती, खांब रंगवले होते, पण पायऱ्या त्याच होत्या.

त्र्याण्णव साली उन्हाळ्याच्या सुट्टीत दादा मला एकदा कामावर घेऊन गेले होते. मी नऊ वर्षांची होते. टाकी भरून महिना झाला होता आणि तो शेगडी पेटवायचा दिवस होता. कुठल्याही मिस्त्रीचं काम शेगडी पेटवल्याशिवाय संपत नसे. जाळ निळा आला की घरमालक सही करत. आम्ही बौद्ध. दादांनी घराच्या पोटाखाली टाकी बांधली तरी स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं की नाही, हे त्या त्या घरावर असे. त्यांच्या पिशवीत दोन नळ्या असत. एक चार फुटांची, शेगडीला जोडायची. दुसरी पंधरा फुटांची. ते कुणाला काही विचारत नसत. घरातल्या बाईच्या चेहऱ्याकडे एकदा पाहत आणि दोनपैकी एक नळी पिशवीतून काढत.

त्या दिवशी त्यांनी लांब नळी काढली. ती खिडकीतून आत दिली. मुक्ताबाईंनी तिचं टोक आतल्या पाइपला लावलं, मग शेगडी उचलून ओसरीवर आणून ठेवली. दादांनी उकिडवं बसून नळी जोडली, काडी ओढली, जाळ पेटला. आबासाहेब म्हणाले, "वा, मिस्त्री." मग मुक्ताबाई शेगडी परत आत घेऊन गेल्या आणि दादांनी खिडकीबाहेर उभं राहून छोटी नळी कशी बसवायची ते त्यांना सांगितलं. उजवीकडे फिरवा. अजून. आता साबणाचं पाणी लावा, बुडबुडा येतोय का बघा. मी पायरीवर बसून होते. मला वाटलं होतं, सगळीकडे असंच करतात. परत येताना दुसऱ्या एका घरी ते चपला काढून सरळ आत गेले आणि चार फुटांची नळी वापरली, तेव्हा कळलं.

याबद्दल आम्ही कधी बोललो नाही. माझी समजूत अशी की मी तेव्हा लहान असल्यामुळे माझ्या लक्षात राहिलं नसेल असं त्यांना वाटत होतं. पुढे मी पुष्कळ वाचलं. त्या ओसरीला काय म्हणायचं, यासाठी मला बरेच चांगले शब्द मिळाले. त्यातला एकही मी घरात वापरला नाही.

दादांचा जलदान विधी नवव्या दिवशी झाला. भाऊ होता, वस्तीतले लोक होते, दादांच्या जुन्या कामावरची दोन-तीन माणसं होती. वंदना झाल्यावर सिद्धनाथकाका माझ्याजवळ येऊन बसले. ते दादांबरोबर पंधरा वर्षं विटा चढवत होते.

"दोन वर्षं झाली बग भेट न्हाय आमची," ते म्हणाले. "मागल्या दिवाळीला येतो म्हनला हुता पंढरपूरला. आला न्हाय."

"त्या रविवारी आले होते ना तुमच्याकडे?"

"कुनाकडं? माज्याकडं? न्हाय बा."

मी उठून लोकांना पाणी द्यायला गेले. पण रात्री झोपण्याआधी मला एवढं ठरवता आलं की दादा रविवारी कुठे गेले असतील याबद्दल तर्क करत बसायचं नाही. गठ्ठा वीस तारखेला पाठवायचा होता. त्यातल्या एका फॉर्मवर मी न पाहिलेली गोष्ट पाहिली म्हणून लिहिली होती, आणि त्यावर एक टाकी बुजवली जाणार होती. ती चालू असेल तर शेरा बदलायचा, नसेल तर नाही. त्यांना आता उत्तर देणं शक्य नव्हतं, फॉर्म दुरुस्त करणं शक्य होतं.

अठरा तारखेला मी अकलूजची एसटी पकडली. पंढरपूरपर्यंत रस्त्याच्या कडेने दोन ठिकाणी माळावर निळ्या पट्ट्यांसारखी पॅनेल लागली होती. गेल्या वर्षी तिथे शेळ्या चरत असत. आता कुंपण आहे, आणि पॅनेलखालच्या सावलीत गवत चांगलं वाढलंय. शेजारी बसलेल्या बाई म्हणाल्या, "दिवसा लाइट मिळती आता शेताला. रातीचं पाणी द्यायचं सुटलं." त्यांचा आवाज मनापासून समाधानी होता. मी ते मनात टिपून ठेवलं. या कामात बंदच्या जागा इतक्या पाहायला मिळतात की चालूचं ऐकायची सवय सुटते.

वेळापूरला उतरून मी चालत गेले. दिग्विजय फाटकाशीच मोटरसायकल पुसत होता.

"मॅडम परत? फोटो नीट आला न्हाय का?"

"एकदा शेगडी पाहायचीय. राहून गेलं."

"आता काय बगायचंय, लिवलंय न्हवं तुमी?" तो फडकं झटकत म्हणाला. "हे बगा, खरं सांगतो. मळ्यात सौर पंप घेतलाय, एक नंबर चालतो. घरावर पॅनेल टाकणार हाय. ही विटांची टाकी आबांच्या टायमाची. तुमी चालू लिवलं तर फुगा मिळत न्हाय आमाला. चाललंय ते चालू द्या."

"चालू आहे का?"

"न्हाय, तसं न्हवं. बोलायची पद्धत."

"मग पाहून घेते. बंद असेल तर बंदच राहील."

तो हसला. "तुमी लई चिवट हाय मॅडम. आई," त्याने आत हाक मारली, "त्या फॉर्मवाल्या मॅडम आल्यात. शेगडी बगायची म्हनत्यात."

मी चपला पायरीवर काढल्या. ओसरी ओलांडली, मधली खोली ओलांडली. स्वयंपाकघर नवीन होतं, ग्रॅनाइटचा ओटा, भिंतीला टाइल्स. मुक्ताबाई ओट्याजवळ प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून शेंगा सोलत होत्या. त्यांचे गुडघे सुजलेले होते. त्यांनी मला खालून वर पाहिलं.

"या. कुटली शेगडी बगायची? शिलिंडरची त्या कोपऱ्यात. गोबरची ही."

"पेटवता का?"

त्यांनी बसल्या जागेवरून हात लांब केला, कॉक फिरवला, काडी ओढली. शेगडी पेटली. जाळ निळा होता, बारीक आवाज करत, सगळ्या छिद्रांतून सारखा. मी दुसरा बर्नरही लावून पाहिला. मग घड्याळ लावून दहा मिनिटं थांबले, कारण नियम दहा मिनिटांचा आहे. जाळ कमी झाला नाही. दिग्विजय दारात येऊन उभा राहिला होता.

"आई," तो म्हणाला, "ही कदी सुरू झाली?"

"तू अकलूजला गेला हुतास त्या रविवारी. मिस्त्री आलं हुतं."

"कोन मिस्त्री?"

"टाकी बांधली त्येच. यशवंत मिस्त्री."

"आन् दोन आठवडं मला बोलली न्हाईस व्हय?"

"तू इचारलंस का? सैपाक मी करती." मग त्या माझ्याकडे वळल्या. "सहा म्हयनं ह्यो सांगतोय टाकी मेली, टाकी मेली. शेण टाकायचं मी काय सोडलं न्हवतं, मळी उसाला लागती. मिस्त्री आलं, टाकी बगितली न्हाय, कायबी न्हाय. म्हनलं, सैपाकघर कदी बांधलं? मी म्हनलं दोन वर्सं. तर म्हनलं, नळी हालवली असंल, पाणी साचलंय. त्यो बारका कॉक फरशीखाली गेला हुता. टिकाव घेऊन एक फरशी काढली. त्या वयात, बरं का. तांब्याभर पाणी निगालं."

ओट्याच्या पायथ्याशी एक फरशी नव्याने बसवलेली दिसत होती. सिमेंट अजून गडद होतं. कडा सरळ होत्या.

मी फॉर्म काढला. बंद या शब्दावर एक रेघ मारली, वर चालू लिहिलं, बाजूला सही आणि तारीख. दिग्विजयने एक लांब श्वास सोडला.

"गेला फुगा," तो म्हणाला.

"तुला कशाला पायजे फुगा," मुक्ताबाई म्हणाल्या. "गाय शिंग मारंल, फुस्स हुईल." त्या स्वतःशीच हसल्या आणि शेंगांची सालं पदरातून खाली झटकली. "मी सांगती तुमाला, बाई. मिस्त्री ओसरीवर आलं, तितंच थांबलं. मी हितनं म्हनलं, आत या. तर काय म्हनावं त्यांनी? म्हनलं, बाई, आता शेगडी उचलून भायेर आणायचं बळ तुमच्यात न्हाय ऱ्हायलं, तवा मीच येतो."

दारातून दिग्विजयने विचारलं, "भायेर कशाला आणायची शेगडी?"

मुक्ताबाईंनी हात लांब करून जाळ बारीक केला.

"मी काय बोलणार हुते त्यावर," त्या म्हणाल्या. "त्यांनी हसून म्हनलं, म्हणून मीबी हसले. मग काम झाल्यावर मी त्यांना म्हनलं, ह्या खुर्चीत बसा. मी खाली बसते म्हनलं, तर म्हनलं, गुडगं तुमचं दुखत्यात, तुमी बसा. शेवटी तितं पाटावर बसलं आन् ह्याच शेगडीवर च्या केला मी. दोन कप पिलं."

मी शेगडी बंद केली. कॉक नीट फिरवला आहे ना ते पाहिलं.

"आन् तुमचं नाव काय?" मुक्ताबाईंनी विचारलं. "कागदावर वाचता येत न्हाय मला."

माझ्या ओळखपत्रावर प्रिया असं आहे. पहिल्या नोकरीत मीच तसं करून घेतलं होतं, लिहायला सोपं म्हणून.

"धम्मप्रिया. यशवंत मिस्त्रींची मुलगी."

त्यांनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं.

"तीच व्हय तू? त्या दिशी दारातनं तोंड दिसलं न्हवतं," त्या म्हणाल्या. "म्हनलं हुतं त्यांनी, फॉर्म घेऊन आलती ती माजीच लेक. कसं हायती? तेल लावायला सांगितलं हुतं मी, खांदा दुकतो म्हणत हुतं टिकाव मारल्यावर."

"ते गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी."

दिग्विजय दारातून आत आला आणि भिंतीला टेकला. मुक्ताबाईंचा हात पदराकडे गेला, पण त्यांनी डोळे पुसले नाहीत, नुसता पदर धरून ठेवला.

"हितं बसून च्या पिलं की," त्या शेवटी म्हणाल्या, जणू कुणी ते नाकारत होतं. "खांदा दुकतो म्हनलं. मी म्हनलं टिकावानं."

"त्यांना आधीपासून होतं," मी म्हणाले. ते खरं आहे की नाही मला माहीत नाही. डॉक्टरांनी तसं सुचवलं होतं.

"बस बाई तू. खाली नको, खुर्चीवर. दिग्विजय, खुर्ची दे."

मी बसले. बाहेर गोठ्यात एक गाय सारखी दावं ओढत होती, साखळीचा आवाज येत होता. पाच वाजताच्या गाडीला वेळ होता.

"मी सांगितलं हुतं त्यांना," मुक्ताबाई म्हणाल्या. आता त्यांचा आवाज खाली आला होता, समजुतीचा. "म्हनलं, एक फॉर्मवाली बाई आलती, दारातनंच इचारून गेली. च्याला बोलावलं, तर आली न्हाय. मला काय म्हाईत त्यांची लेक. म्हाईत असतं तर बोलले नसते. तर मिस्त्रींनी कप खाली ठिवला, म्हनलं, ती माजीच लेक. मग म्हनलं, तिला उशीर झाला असंल. लांब लांबची गावं करती, सांजची गाडी गाठायची असती." त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. तो कोरडा आणि गरम होता, शेंगांच्या मातीचा. "मनाला लावून घिऊ नगंस. उशीर झाला हुता न्हवं तुला?"

प्रश्न सोपा होता आणि उत्तर त्यांनीच देऊन ठेवलं होतं. दादांनीही तेच दिलं होतं. हो म्हटलं असतं तर त्यांनी चहा टाकला असता, मी तो प्यायले असते आणि गाडीने सोलापूरला आले असते. फॉर्म तर बरोबर झालाच होता.

"नाही," मी म्हणाले. "मला उशीर झाला नव्हता. साडेतीन वाजले होते आणि गाडी पाचची होती. मी नऊ वर्षांची असताना दादांबरोबर इथे आले होते. त्या पायरीवर बसले होते. तुम्ही शेगडी बाहेर आणलीत आणि दादांनी ती ओसरीवर उकिडवं बसून पेटवली, ते मी पाहिलंय. दादांना वाटायचं मला आठवत नाही. मला या घरात पाऊल टाकायचं नव्हतं, म्हणून मी दारातून गेले. आणि घरी जाऊन त्यांना सांगितलं की आत गेले होते, शेगडी पेटवून पाहिली, पाणीही काढलं. मी त्यांच्याशी खोटं बोलले, आणि ते इथून परत आले तेव्हा त्यांना ते माहीत होतं."